पांडुरंग नावाचे गाव

व्हिएतनामला जायचे असे मी घरात जाहीर केले तेव्हा कळले की प्रत्येकाच्या डोक्यात एक व्हिएतनाम आधीपासून तयार आहे. पुण्यातल्या भाच्याच्या डोक्यातला मोटारसायकलचा आहे. चीनच्या सीमेलगत हा जांग नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या घाटरस्त्यांवर भाड्याची गाडी घेऊन चार दिवस फिरायचे. "आत्या, तू मागे बस, चालवायला माणूस मिळतो," असे त्याने मला उदारपणे सांगितले. शेजारच्या अक्कांचा व्हिएतनाम मिऱ्यांचा आहे. त्यांचे माहेर कोडगूचे, भावांच्या कॉफीच्या मळ्यात सिल्व्हर ओकवर मिरीचे वेल चढवलेले. तिकडची स्वस्त मिरी इकडे आली की भाव कोसळतो, एवढेच त्यांना त्या देशाविषयी ठाऊक आहे आणि तेवढ्यावर त्यांचे मत कायम झाले आहे. रोबस्टा कॉफीतही तोच देश जगात पहिला, हे मी त्यांना सांगितले नाही.

भावाने तो सुप्रसिद्ध निरोप पाठवला. मराठी माणसाला तो वर्षातून दोनदा तरी येतोच. अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांनी म्हणे शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेतली, त्यांच्या समाधीवर आपण महाराजांचे मावळे असल्याचे कोरून ठेवले आहे, आणि पुढे त्यांचा एक मंत्री भारतात आला तेव्हा रायगडाची माती कपाळाला लावून घेऊन गेला. निरोपात राष्ट्राध्यक्षांचे नाव नसते, मंत्र्याचे नसते, सालही नसते. हो ची मिन्ह वारले २ सप्टेंबर १९६९ रोजी, युद्ध संपायच्या साडेपाच वर्षे आधी. हनोईच्या बा दिन्ह चौकातल्या त्यांच्या स्मारकाच्या दर्शनी भागावर त्यांचे नाव आणि पद एवढेच आहे. गनिमी कावा दोन्हीकडे होता हे खरे, पण डोंगर आणि कमी फौज असली की माणसे कुठेही तसेच लढतात. महाराजांना परदेशी प्रशस्तिपत्राची गरज का वाटावी, हे मला आजवर समजलेले नाही. भावाला मी तसे लिहिले. त्याने अंगठा पाठवला.

माझा व्हिएतनाम बाबांच्या कपाटातला आहे.

बाबा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पुराभिलेख शाखेत होते. हे कार्यालय आधी उटीला होते, १९६६ साली ते म्हैसूरला आले. त्याच वर्षी बाबांचे लग्न झाले. म्हणून आमच्या घरात कार्यालयाचे स्थलांतर आणि आईचे स्थलांतर ह्या दोन घटना नेहमी एकाच वाक्यात सांगितल्या जातात. शिलालेखाचा ठसा कसा घेतात हे मी शाळेत जायच्या आधीपासून पाहिले आहे. दगड धुऊन घ्यायचा, त्यावर ओला कागद पसरायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, आणि जरा सुकला की शाईच्या बोळ्याने थोपटायचे. खाचांतले अक्षर पांढरे राहते, बाकीचा कागद काळा होतो. बाबांच्या नखांतली शाई निवृत्तीनंतरच गेली.

त्यांच्या कपाटात रमेशचंद्र मजुमदारांचे 'चंपा' हे पुस्तक होते, १९२७ सालचे, लाहोरला छापलेले. आजच्या व्हिएतनामच्या मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर हजाराहून अधिक वर्षे चाम लोकांची राज्ये होती. त्यांचे राजे भद्रवर्मन, इंद्रवर्मन, जयसिंहवर्मन अशी नावे धारण करत आणि संस्कृतात लेख कोरवत. मजुमदारांनी ते सगळे लेख इंग्रजी भाषांतरासह एकत्र केले. ग्रंथमालेच्या नावात मात्र 'पूर्वेकडील प्राचीन भारतीय वसाहती' असा शब्द आहे आणि त्यावर बाबा दर वेळी वैतागत. वसाहत करायला इथून फौज गेली नव्हती, व्यापारी गेले, ब्राह्मण गेले, लिपी गेली. घेणाऱ्यांनी हवे ते घेतले आणि आपले केले. त्याला ते एक पुरावा देत. मध्य व्हिएतनाममध्ये दोंग येन चाउ येथे सापडलेला, साधारण चौथ्या शतकातला एक छोटा लेख. एका झऱ्यातल्या नागाला मान द्या, अपमान कराल तर परिणाम भोगाल, अशा अर्थाचा. लिपी दक्षिण भारतीय वळणाची, शब्द काही संस्कृत, पण भाषा चाम. त्या संपूर्ण भाषाकुळातला, म्हणजे मलायपासून फिलिपिन्सपर्यंतच्या भाषांतला, हा सर्वांत जुना लेख मानतात. "राजाला देवाशी बोलायचं तर संस्कृत," बाबा म्हणत, "पण झऱ्यावर पाणी भरायला येणाऱ्या बाईला धमकी द्यायची तर तिच्याच भाषेत द्यावी लागते."

मराठीचे अगदी जुने लेख मोजायला बसलो की आपल्यालाही कर्नाटकात यावे लागते. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळी आहेत. पहिला मान त्यांचा की अक्षीच्या १०१२ सालच्या शिलालेखाचा, ह्यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. म्हैसूरपासून श्रवणबेळगोळ ऐंशी-नव्वद किलोमीटर. बाबा आम्हा भावंडांना तिथे घेऊन जात ते भगवान बाहुबलींसाठी कमी आणि पायाशी वाकून ती अक्षरे वाचायला लावण्यासाठी जास्त. घरात मराठी, अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी अशा आमच्यासारख्यांना मराठीचा दगड इथे मिळतो ह्याचे त्यांना फार अप्रूप होते.

आता मुख्य मुद्दा. चाम राज्यांपैकी अगदी दक्षिणेकडच्या राज्याचे आणि त्याच्या नगराचे नाव होते पांडुरंग. शिलालेखांत ते स्वच्छ असेच येते. आजचे फान रांग हे शहर तेच, नावही त्याच शब्दाची झीज होऊन झालेले. उत्तरेकडून व्हिएतनामी सत्ता सरकत आली तशी चामांची एकेक राज्ये गेली. १४७१ मध्ये विजय पडले. पांडुरंग मात्र मांडलिक होऊन का होईना टिकले, थेट १८३२ पर्यंत, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून चौदा वर्षे झाली तोपर्यंत. मग ह्यूच्या मिन्ह मांग बादशहाने ते खालसा केले.

बाबांनी हे आईला लग्नानंतर पहिल्या वर्षीच सांगितले असावे, कारण ह्या विषयावरचा त्यांचा वाद मला आठवते तेव्हापासून चालू आहे. आई मंगळवेढ्याची. पंढरपूर तिच्या माहेराहून पंचवीस किलोमीटरवर, घरात माळ, एकादशी. बाबा अथणीकडचे, देवाला हात जोडणारे पण त्याआधी त्याची व्युत्पत्ती विचारणारे. त्यांचे म्हणणे असे की पांडुरंग हे आधी गावाचे नाव. पंडरगे हे जुने कानडी गाव, भांडारकरांनी लिहून ठेवले आहे, त्याचे संस्कृत करताना पांडुरंग झाले आणि मग ते देवाला चिकटले. नाहीतर सावळ्या विठोबाला 'पांढरा' कोण म्हणेल? शिवाय हेमचंद्राने पांडुरंग हे रुद्राचे नाव म्हणून दिले आहे, म्हणजे चाम लोकांनी शिवाच्या भक्तीपोटी नगराला हे नाव दिले असेल तर त्यात नवल नाही. आई म्हणे, "तुमचा दगड काय म्हणतो ते तुम्ही बघा. माझा दगड विटेवर उभा आहे." ढेऱ्यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली आले तेव्हा बाबांनी ते पोस्टाने मागवले, आणि गंमत म्हणजे ते आईनेही वाचले. होयसळ राजा सोमेश्वराने १२३७ साली विठ्ठलाच्या नैवेद्यासाठी गाव इनाम दिल्याचा शिलालेख पंढरपुरात आहे, हे कळल्यावर तिने त्याचा आपल्या बाजूने उपयोग केला. "बघा, तुमच्या इथल्या राजानंसुद्धा नैवेद्य गावाला नाही दिला, देवाला दिला." सोमेश्वराच्या मुलाच्या कारकिर्दीत बांधलेले सोमनाथपूरचे देऊळ म्हैसूरहून तासाभराच्या वाटेवर. तिथे गेले की हा वाद नव्याने होई.

बाबा २०११ मध्ये गेले. त्यांचा पासपोर्ट कधी निघालाच नव्हता.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि पहिल्यांदाच देशाबाहेर जायचे ठरवले तेव्हा डोळ्यांसमोर होते मी सोन. दा नांगच्या नैर्ऋत्येला डोंगरांनी वेढलेल्या दरीत चामांची देवळे आहेत. चौथ्या शतकाच्या सुमारास भद्रवर्मनाने तिथे भद्रेश्वराची स्थापना केली, स्वतःचे नाव देवाला जोडून. नंतरची हजारभर वर्षे तिथे बांधकाम होत राहिले, बहुतेक सारे विटांचे. सांधा जवळजवळ दिसत नाही अशी ती वीट कशी जोडली, झाडाचा चीक वापरला की आणखी काही, ह्यावर अजून चर्चा आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत तिथले सर्वांत भव्य शिखर कोसळले. १९८१ पासून काझिमिएर्झ क्विआत्कोव्स्की हा पोलिश वास्तुतज्ज्ञ तिथे विटा उचलून उभारत राहिला. १९९७ मध्ये तो व्हिएतनाममध्येच वारला. १९९९ मध्ये मी सोन आणि जवळचे होई आन दोन्ही जागतिक वारशात गेली. अलीकडे आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी तिथल्या तीन गटांचे काम केले आणि २०२० मध्ये त्यांना मातीत नवव्या शतकातले अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला तेव्हा मी तो कापून मजुमदारांच्या पुस्तकात ठेवला. बाबा असते तर पहिला प्रश्न विचारला असता, लेख आहे का त्यावर?

मी एकटीच जाणार होते. जेवताना बोलता बोलता म्हणाले की मी सोनहून रेल्वेने खाली गेले तर फान रांगही होईल. आईने पोळीचा तुकडा तसाच धरून विचारले, "म्हणजे यांचं पांडुरंग?"

मी हो म्हटले.

"मग मला पण ने."

मला वाटले ती देव शोधते आहे. मी समजावायला लागले की तिथे विठ्ठल नाही, टेकडीवर विटांचे तीन मनोरे आहेत, पो क्लोंग गराई नावाच्या राजाचे, तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले. आत मुखलिंग आहे, म्हणजे पिंडीवर राजाचाच चेहरा कोरलेला. ती म्हणाली, "मला माहीत आहे. पंचेचाळीस वर्षं ऐकलंय. देव माझा पंढरपुरातच आहे, मला तो तिथं बघायचा नाही. यांचं गाव बघायचंय. एवढं भांडलो, ते आहे तरी कसं?"

आई ७८ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात एक स्टेंट बसवला. डावा गुडघा जिना उतरताना धरतो. भावाने फोनवर पहिले वाक्य म्हटले ते असे, "पांडुरंगच हवा असेल तर गोलगुंबज एक्सप्रेस आता थेट पंढरपूरला जाते, म्हैसूरला बसायचं आणि झोपायचं." दुसरे वाक्य गंभीर होते आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. फान रांग काही हनोई नव्हे. तिथे रात्री छातीत दुखले तर दवाखाना कुठला, डॉक्टरशी बोलायचे कोणत्या भाषेत, मोठ्या इस्पितळाला न्यायला वेळ किती लागेल? वय सत्तरीच्या पुढे गेले की प्रवासविम्याचा हप्ता वाढतो आणि आधीच्या हृदयविकाराची जबाबदारी बहुतेक पॉलिसी घेत नाहीत, बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते. मी ती अक्षरे वाचली. बारीक अक्षरे वाचण्यातच माझी चौतीस वर्षे गेली आहेत.

डॉक्टरांनी नाही म्हटले नाही. तपासण्या करू, दोन तासांनी उठून चालायचे, पायात घट्ट मोजे घालायचे, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या. हृदयरोगतज्ज्ञ नाही म्हणतील असे भावाने धरले होते, त्यामुळे तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आईलाच फोन लावला आणि भाषेचा मुद्दा पुढे केला. स्पीकर चालू होता. आई म्हणाली, "सहासष्ट साली पंढरपुरात छोट्या गाडीत बसले, मिरजेला उतरून मधल्या गाडीत चढले. तुझे बाबा पाणी आणायला उतरले आणि डब्यात सगळे कानडी बोलायला लागले. मला एक अक्षर येत नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते. माझी आई काय म्हणाली असेल?"

छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज. मधली म्हणजे मिरजेहून बेंगळूरूकडे जाणारी मीटर गेज. दोन्ही आता ब्रॉड गेज झाल्या. हनोई ते सायगाव ही १,७२६ किलोमीटरची रेल्वे मात्र अजून मीटर गेज आहे. हे ऐकल्यावर आईला त्या देशाविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली.

तिचा पासपोर्ट काढणे हे वेगळेच प्रकरण झाले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले नाव लग्नापुरते पुरते, सरकारला पुरत नाही. लग्नाची नोंद नव्हती. प्रतिज्ञापत्रे केली, झेरॉक्स काढल्या, एका बाईचे नाव बदलले होते एवढे सिद्ध करायला अकरा कागद लागले. पोलीस पडताळणीसाठी तरुण हवालदार घरी आला. त्याने आईला अदबीने विचारले, "अज्जी, याव देशक्के?" कोणत्या देशाला, ह्या प्रश्नावर आई म्हणाली, "पांडुरंग." तो गोंधळला. "पंढरपुरक्के पासपोर्ट याके?" पंढरपूरला पासपोर्ट कशाला, असे विचारताना त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला हसू आवरेना. मी आत चहा करायला गेले.

बेत आखताना कात्री लावावीच लागली. आईला घेऊन जायचे तर दहा दिवसांपेक्षा जास्त नाही आणि रोज सामान बांधायचे नाही. भाच्याचा हा जांग गेला. सापा गेले. तिथल्या फान्सिपान शिखरापर्यंत (३,१४७ मीटर) आता रोपवे जातो, तरी गेले. हनोईही गेले, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण न्या त्रांगजवळ व्हो कान्ह गावात सापडलेला आग्नेय आशियातला सर्वांत जुना संस्कृत लेख मानला जाणारा दगड हनोईच्या इतिहास संग्रहालयात आहे. ह्यू ठेवू की नको ह्यावर आईने निकाल दिला. १८०२ ते १९४५ ते न्गुएन घराण्याच्या राजधानीचे शहर, नदीकाठी बादशहांच्या समाध्या, त्यांत मिन्ह मांगची सर्वांत डौलदार. "ज्यानं पांडुरंग बुडवलं त्याची समाधी बघायला पैसे खर्च करू नकोस." श्रीरंगपट्टणला जाऊन टिपूची कबर आपण बघतोच की, असे मी म्हणून पाहिले. "ते आपलं गाव आहे," ती म्हणाली. ह्यावर काय बोलणार.

डोंगर म्हणून दा लात राहिले, आणि ते बाबांच्या बाजूचे आहे. दा लात म्हणजे फ्रेंचांची उटी. पंधराशे मीटर उंची, पाइनची झाडे, तळे, बंगले, थंड हवेच्या भाज्या. ही जागा आरोग्यधामासाठी सुचवली अलेक्झांडर येर्सिनने. १८९३ साली तो त्या पठारावर पोचला आणि पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने प्लेगचा जंतू शोधला. हाच येर्सिन १८९७ च्या मार्चमध्ये आपली लस घेऊन मुंबईच्या प्लेगमध्ये येऊन गेला. त्याच वर्षी पुण्यात रँडचा खून झाला. पुढे प्लेग म्हैसूरलाही आला, आणि त्यानंतर १९०३ मध्ये इथे नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. आमच्या गल्लीची रुंदी ही एका अर्थी त्याच जंतूची देणगी. येर्सिन न्या त्रांगला राहिला आणि तिथेच १९४३ मध्ये वारला.

फान रांग ते दा लात अशी ८४ किलोमीटरची दात्यांची रेल्वे फ्रेंचांनी बांधली होती, १९३२ मध्ये पूर्ण झालेली. आपल्या निलगिरी रेल्वेसारखीच, मधल्या दातेरी रुळाला धरून चढणारी. युद्धात ती बंद पडली आणि नंतर तिची काही इंजिने स्वित्झर्लंडमधल्या हौशी लोकांनी परत विकत नेली. आता दा लातकडचा सात किलोमीटरचा तुकडा फक्त पर्यटकांसाठी चालतो. पण खालच्या स्टेशनचे नाव अजून थाप चाम आहे, चामांचा मनोरा. हनोई-सायगाव गाडी तिथे थांबते आणि टेकडी स्टेशनच्या जवळच आहे. बाबा अविवाहित असताना उटीहून मेट्टुपाळयमला ह्या दात्यांच्या गाडीने उतरायचे, त्याचा त्यांना फार अभिमान. म्हणून आधी थाप चामला उतरायचे आणि मग रस्त्याने दा लातला चढायचे, असा क्रम मी ठरवला.

मधे एक दिवस न्या त्रांगला, पो नगरच्या देवीसाठी. समुद्रावरून आलेल्या जावाच्या लोकांनी ७७४ मध्ये हे देऊळ जाळले, दहा वर्षांत ते पुन्हा उभे राहिले. मुख्य मनोऱ्याच्या दारावर महिषासुरमर्दिनी कोरलेली आहे. चाम तिला पो नगर म्हणतात, व्हिएतनामी लोकांनी तिला थिएन य आ ना नाव देऊन आपली केली. महिषासुराच्या नावाने ज्या गावाला नाव मिळाले तिथली माणसे आम्ही, आणि मराठीत तर आपण त्या गावाला सरळ म्हैसूर म्हणून म्हैस शाबूत ठेवली आहे. चामुंडी टेकडीच्या सावलीत राहून पो नगर टाळणे शोभले नसते.

तारखांवर मात्र अडले. फान रांगला काते नावाचा चामांचा सण असतो, त्यांच्या पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. देवाचे कपडे चामांकडे नसतात. ते जपतात डोंगरात राहणारे राग्लाई लोक. सणाला ते डोंगरातून पोशाख घेऊन उतरतात, वाजतगाजत मिरवणूक टेकडीवर जाते, मनोऱ्याचे दार उघडते, मुखलिंगाला स्नान घालून तो पोशाख चढवतात. चामांत घराणे आईकडून चालते आणि घर धाकट्या मुलीकडे जाते. चाम थोरली बहीण, राग्लाई धाकटी, म्हणून ठेवा धाकटीकडे, असे ते सांगतात. आईने हे दोनदा सांगायला लावले आणि भावाला फोनवर आवर्जून ऐकवले.

पण काते येतो सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. म्हणजे आमचा दसरा, आईच्या बाहुल्यांची मांडणी, आणि तिकडे मध्य व्हिएतनाममध्ये पावसाचा जोर. होई आनच्या जुन्या पेठेत त्या दिवसांत नदी रस्त्यावर येते आणि लोक होडीतून फिरतात. पावसाळी दगडावर आईचा गुडघा मला नको. फेब्रुवारीच्या आसपास त्यांचे नवे वर्ष, तेत, तेव्हा गाड्या भरलेल्या आणि दुकाने बंद. राहतो मार्च. होई आनला ऊन, दा लातला गारवा, आणि फान रांग तर त्या देशातला सर्वांत कोरडा भाग, वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस. तिथे द्राक्षे पिकतात, माळावर मेंढरे आणि शेळ्या चरतात. फोटो पाहून आई म्हणाली, "हे तर मंगळवेढं आहे. ज्वारी तेवढी दिसत नाही."

मार्चमध्ये गेलो तर गाभाऱ्याचे दार बंद असण्याची शक्यता जास्त, ते वर्षातून मोजक्याच वेळा उघडते. हे सांगायला मी आठवडा घेतला. आईने शांतपणे विचारले, "पायरी आहे ना?" पंढरपुरात गर्दीमुळे आत जाता आले नाही तर लोक नामदेवाच्या पायरीला हात लावून परततात आणि वारी पुरी झाली असे मानतात. पायरी आहे, मी म्हटले. टेकडी चढून जायलाही पायऱ्या आहेत.

जेवणाचा प्रश्न आश्चर्यकारक सहज सुटला. बौद्ध उपासाच्या परंपरेमुळे तिथे शाकाहारी खाणावळी मिळतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पुष्कळ लोक मांसमासे खात नाहीत. दारावर 'चाय' असे लिहिलेले शोधायचे आणि 'आन चाय' म्हणायचे, म्हणजे मी शाकाहारी जेवते. फक्त माशाचे पाणी, न्युओक माम, घालू नका हे बजावायचे. आई दिवसभर 'आन चाय' घोकत होती. संध्याकाळी अक्का आल्या, त्यांना तिने सांगितले, "तिकडे आण चाय म्हटलं की जेवण येतं. चहा नाही." अक्कांना मराठी कळते. त्यांनी जाताना मिऱ्यांची एक पुडी दिली. तिकडे गेल्यावर त्यांच्या मिरीशेजारी ही ठेवून वास घ्या आणि मला खरे काय ते सांगा, अशी अट घालून.

ई-व्हिसा एका प्रवेशाचा, २५ डॉलरचा, नव्वद दिवसांचा. अर्जात पहिल्या मुक्कामाचा पत्ता लागतो. प्रांत निवडताना लक्षात आले की नकाशे जुने झाले. जुलै २०२५ पासून त्यांनी प्रांतांची फेरजुळणी केली, फान रांगचा निन्ह थुआन प्रांत खान्ह होआत गेला. पांडुरंगाचा आणखी एकदा शेजाऱ्यात समावेश झाला म्हणायचा. रुपयाला सुमारे तीनशे डोंग मिळतात. वीस हजारांच्या नोटेवर होई आनचा जपानी पूल आहे. म्हणजे पाऊणशे रुपयांचीही नाही अशी ती नोट, पण आई म्हणते ती न मोडता आणायची, बाबांच्या पुस्तकात ठेवायला.

भावाने अजून होकार दिलेला नाही. काल मात्र त्याने विचारले की न्या त्रांगच्या कोणत्या इस्पितळात हृदयरोग विभाग आहे ते बघितलेस का. मी बघितले होते, पत्ते पाठवले. त्याने अंगठा पाठवला नाही, सगळे फोन नंबर स्वतः लावून पाहिले आणि एका ठिकाणी इंग्रजी बोलणारे कोणी भेटले असे कळवले.

सध्या सराव चालू आहे. चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या आणि मधला मोठा नंदी, दोन्ही दोड्ड देवराज ओडेयर राजाच्या काळातले, सतराव्या शतकातले. नंदीपर्यंत गाडीने जातो आणि तिथून उरलेल्यांपैकी पन्नास पायऱ्या चढतो, पन्नास उतरतो. उतरताना आई माझा खांदा धरते. पो क्लोंग गराईच्या मनोऱ्यातही एक नंदी आहे आणि पीक चांगले यावे म्हणून शेतकरी त्याच्यापुढे गवत ठेवतात, हे मी तिला गेल्या आठवड्यात नंदीपाशीच सांगितले. तिने थोडा वेळ विचार केला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कडब्याची एक लहान पेंढी विमानात नेऊ देतात का, असे विचारले. अगदी वीतभर. परदेशात वनस्पती नेण्याचे नियम मी वाचते आहे. तिकिटांचे पैसे भरायची मुदत शुक्रवारी संपते.